मिठाच्या आधी काढलेली पेज

रायवंता मावशी,

काल मी भट्टी लावली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तुमचं लाकडी स्टूल भट्टीच्या दारासमोर अजून तसंच आहे. नव्या शिपायाने ते दोनदा उचलून बाहेर नेलं आणि दोन्ही वेळा मी ते परत आणायला लावलं. त्याला वाटत असेल, मॅडमचं डोकं फिरलंय. वाटू दे.

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. त्याआधी कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, 'अत्यंत प्रामाणिक आणि कष्टाळू कर्मचारी.' मला इतका राग आला की दोन मिनिटं उभं राहतानाही तो गेला नाही. प्रामाणिक आणि कष्टाळू तर लोक आपल्या बैलाविषयीही म्हणतात. उठून सांगावंसं वाटलं, की भौतिकशास्त्राच्या या खोलीत इतकी वर्षं जे काही नवं घडलं, त्यातलं निम्मं या बाईंनी घडवलं आहे. पण मी उठले नाही. मला तेव्हा स्वतःलाही सगळं ठाऊक नव्हतं. ते कळलं त्या सभेनंतर, आणि म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही नवऱ्याच्या जागी परिचर म्हणून नोकरीला लागलात. सडक अर्जुनीकडची बाई, हातात पिशवी, आणि मी कडक मॅडम म्हणून प्रसिद्ध. पहिल्याच दिवशी मी तुमच्यासमोर खल ठेवला, त्यात पांढरी पूड ओतली आणि म्हणाले, तीन तास घोटायचं, मध्ये थांबायचं नाही. एम.एस्सी.ची मुलं अर्ध्या तासात मनगट धरून बसतात. तुम्ही तीन तास घोटलंत, वर विचारलंत, "झालं का जी? का आनखी बारीक पायजे?" मी पूड बोटांत चोळून पाहिली आणि खल उचलून घेतला.

काय बनवतो आपण, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. बेरियम, कॅल्शियम, झिर्कोनियम, टायटॅनियम यांचं ऑक्साइड. पेरोव्स्काइट नावाच्या रचनेचं. पूड दाबून तिची रुपयाएवढी चकती करायची, भट्टीत तेराशे अंशांच्या वर भाजायची, दोन्ही अंगांना चांदीचा लेप द्यायचा, मग तेलात बुडवून तिला जबरदस्त व्होल्टेज द्यायचं. त्यानंतर ती चकती दाबली की वीज देते, आणि तिला वीज दिली की ती हलते. तुम्ही चकतीला टिकिया म्हणायला लागलात, आणि बघता बघता विभागातले सगळेच टिकिया म्हणायला लागले, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरचा गॅसचा लायटर फोडून आतलं नळकांडं रुमालात बांधून आणलंत. "हा आपल्याच टिकियाचा जातभाई ना जी?" होता. फक्त त्याच्यात शिसं होतं आणि आपल्यात नव्हतं. बिनशिशाची, तरीही चांगली चालणारी टिकिया, हाच तर माझा सगळा आटापिटा होता. हे कळल्यावर तुम्ही त्या लायटरच्या नळकांड्याकडे जरा वरूनच पाहायला लागलात.

बाहेरची समिती पाहणीला आली होती तो दिवस आठवतो? मला प्राचार्यांच्या खोलीत बसवून ठेवलं होतं आणि समितीतले दोघे आधीच प्रयोगशाळेत शिरले. मी धावत आले तर दारातूनच तुमचा आवाज ऐकू आला आणि मी तिथेच थांबले.

"ही खोली समजा," तुम्ही त्यांना सांगत होतात. "आठ कोपऱ्यात आठ मोठे बसले, बेरियम. चार भिंती, एक जमीन, एक छत, असे सहा जागी सहा ऑक्सिजन. अना मधात हा बारका, टायटॅनियम. त्याले खोली ढिली होते. म्हून तो मधोमध नाही बसत, जरासा सरकून बसते. तो सरकला की एका अंगाले अधिक, दुसऱ्या अंगाले उणे. दाबलं की अजून सरकते, मंग वीज निघते."

"आणि फार तापवलं तर?" एकाने मुद्दाम विचारलं.

"तं तो मधोमध येऊन बसते जी. मंग काहीच करत नाही."

त्यांनी तुमचं शिक्षण विचारलं. तुम्ही म्हणालात, "आठवी नापास. पन भट्टी मी लावतो." मी दाराआड उभी होते, मावशी, आणि माझी छाती अशी फुगली होती की आत यायला मला थोडा वेळ लागला. ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आत येऊन मी म्हणाले, साहेबांना चहा आणा.

आता पेजेचं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. मी मोजमापांसाठी आठवडाभर नागपूरला गेले होते. जाताना तुम्हाला सांगितलं, पूड तयार आहे, बाटलीतला चिकट द्राव चार थेंब मिसळून टिकिया दाबून ठेवा. पुडीचे कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून तो द्राव, म्हणजे बंधक, घालायचा असतो. भट्टीत तो जळून जातो. परत आले तर टिकिया दाबून, भाजून, डबीत तयार. मी खूश. मग बाटली पाहिली. बाटली धुऊन उपडी घातलेली.

"ते सडलं होतं जी," तुम्ही म्हणालात. "वरून बुरशी आली होती. फेकून देल्लं."

"मग टिकिया कशाने दाबल्या?"

"पेजीनं."

मी म्हणाले, कसल्या पेजीने? तुम्ही म्हणालात, भाताच्या. डब्यात आणली होती, आदल्या दिवशीची, फडक्यातून काढून घेतली. लुगड्याला खळ करतात ती तीच की, आणि बाटलीतला द्राव दिसायला तसाच होता. तुम्हाला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं.

मी तुम्हाला त्या दिवशी काय नाही ते बोलले. एवढी महागाची पूड, एवढा वेळ, आणि त्यात भाताची पेज. वर मी ओरडून विचारलं, "आणि मीठ? मीठ किती घातलं होतं त्यात?"

तेव्हा मात्र तुम्हाला राग आला. बाकीचं सगळं तुम्ही मान खाली घालून ऐकलं होतं. "मीठ घालाच्या आधी काढली मी," तुम्ही म्हणालात. "मिठात सोडियम रायते, हे का मले समजत नाही का? मिठाचा एक कन जाऊ नाही देल्ला."

मी टिकिया मोजायला घेतल्या. विजेचा साठा निम्म्यावर आलेला. टिकियांत बारीक बारीक छिद्रं राहिली होती. पेजेतलं पिष्ट जळून गेलं आणि त्याच्या जागा तशाच रिकाम्या राहिल्या. मी त्या सगळ्या टिकिया खालच्या कप्प्यात टाकल्या, जिथे आपण फुटलेल्या, वाकलेल्या ठेवतो. तुम्ही म्हणालात, "पन एकही तडकली नाही, ते तं पाहा." मी पाहिलं नाही.

महिनाभराने एका दुपारी तुम्ही जेवून डबा बंद करत होतात. टेबलावर यंत्राच्या पडद्याला जोडलेली एक टिकिया होती. कप्प्यातली कुठलीतरी, मी मुलांना जोडणी शिकवायला घेतली होती. तुम्ही उगीच, खेळ म्हणून, तांदळाचा एक कच्चा दाणा वीतभर उंचीवरून तिच्यावर टाकलात. पडद्यावरची रेघ वर गेली ती पडद्याच्या बाहेरच गेली. मी म्हणाले, पुन्हा टाका. तुम्ही टाकलात. पुन्हा. मग मी चांगली, घट्ट, नेहमीच्या द्रावाची टिकिया जोडली आणि तुम्हाला दाणा टाकायला लावलं. रेघ जेमतेम हलली.

छिद्रांमुळे टिकियाचा विजेचा साठा कमी झाला होता, हे खरं. पण साठा कमी म्हणूनच तेवढ्याशा धक्क्याला ती जास्त व्होल्ट दाखवत होती. ढकलण्याच्या कामाला ती बाद होती. ऐकण्याच्या कामाला तिच्यासारखी दुसरी नव्हती. हे पुस्तकात आहे, मावशी, मी वर्गात शिकवलेलंही आहे. माझ्याच कप्प्यात ते महिनाभर पडून होतं आणि मला दिसलं नव्हतं. तुम्ही दाणा उचलून परत डब्यात टाकलात आणि म्हणालात, "आता बोला."

त्यानंतर द्रावाची बाटली मी मागवलीच नाही. आपण पेजेवर चालू लागलो. खेप झाली की तुम्ही प्लास्टिकच्या डबीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहायला लागलात: लुचई. हिरानखी. चिन्नोर. सगळी आपल्याकडच्या धानाची नावं. मला वाटलं, बाईंना माझे इंग्रजी क्रमांक लक्षात राहत नाहीत म्हणून ही लाडाची नावं. मी रागावले. म्हणाले, मावशी, ही प्रयोगशाळा आहे, धानाचा बाजार नव्हे. तुमच्या अक्षरांवर मी माझ्या क्रमांकांच्या छापील पट्ट्या चिकटवल्या. तुम्ही म्हणालात, "चिकटवा जी. खाली माहं आहेच."

मग मी लेख लिहिला. परदेशातल्या मासिकात छापून आला. कॉलेजने फलकावर माझं नाव लावलं, खडूने फुलंबिलं काढली. त्या लेखात, साहित्य आणि पद्धत या भागात, मी लिहिलं: 'योग्य सेंद्रिय बंधक वापरला.' एवढंच. आणि शेवटी, आभारांत, प्रयोगशाळेतील सहकार्याबद्दल तुमचं नाव. पेज हा शब्द मला लिहवला नाही. तिकडे बसलेला कुणी परीक्षक हसेल, म्हणेल गोंदियाचे लोक भाताच्या पेजेने सिरॅमिक बनवतात. आणि ती कशी आली हे सांगायचं तर मी नागपूरला गेले असताना परिचर बाईंनी चुकून घातली, हेही आलंच.

दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. तुमच्या पद्धतीने करून पाहिलं, आमच्या चकत्या घट्टच होतात, तुमच्यासारख्या येत नाहीत, बंधक नक्की कोणता? मी चार ओळींचं गोल उत्तर पाठवलं. तुम्ही फरशी पुसता पुसता विचारलंत, "का लिहिलं त्याईनं?"

"त्यांच्या टिकिया जमत नाहीत."

"मंग सांगा ना, पेज टाका म्हून."

"तसं नाही सांगता येत, मावशी."

"काऊन?" तुम्ही फडकं खाली ठेवलंत. "पेजीत कायची लाज आहे? तुमी नाही का पेली लहानपनी?"

प्यायलेच की. बोदलकशाच्या तलावाच्या अलीकडचं माझं गाव. उन्हाळ्यात शाळेतून आलं की आई पितळेच्या गडूत थंड पेज द्यायची, आंबट लागायची, सोबत कांदा. त्याच पेजेवर वाढले आणि त्याच पेजेवर लेख छापला, आणि तिचं नाव घ्यायला मला जड जात होतं. तुम्ही उत्तराची वाट पाहिली नाहीत, फडकं पिळून पुढच्या फरशीकडे वळलात. पण दर दोनचार महिन्यांनी विचारायचात, "लिहिलं का जी त्या मानसाले?" आणि मी म्हणायची, लिहिते.

या वादात आपण अडकलो असलो तरी काम थांबलं नव्हतं. ऐकणारी टिकिया हाती आली होती. आता तिला ऐकवायचं काय? मी समुद्राच्या पाण्याखालच्या यंत्रांबद्दल वाचत होते. गोंदियात बसून समुद्र. तुम्ही म्हणालात, तुमची आई धान साठवायच्या ढोलीला कान लावायची. किडा लागला की धान बोलते, म्हणायची. मी हसले. पण डोक्यातून ते गेलं नाही. सोंड्या किड्याची अळी दाण्याच्या आत बसून दाणा पोखरते; बाहेरून काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा पोत्याचा भुगा झालेला असतो. शिवाय तांदळात खुपसायची तर टिकियात शिसं नको, आणि आपल्या टिकियात ते नव्हतंच. इतकी वर्षं मी बिनशिशाचं का करते हे लोकांना समजावत फिरले; तुम्ही एका वाक्यात सांगून टाकायचात, "खायच्या वस्तूत शिसं घालाल का?"

पिंपात किडलेला तांदूळ घेतला. टिकिया स्टीलच्या दांड्यात बसवून आत खुपसली. पहिले आठ दिवस आपण फक्त पंखा ऐकला. मग पंखा बंद केला तर घड्याळ, घड्याळ काढलं तर रस्त्यावरचे ट्रक. शेवटी तुम्ही घरून गोधडी आणून पिंपाला गुंडाळलीत, जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरचं दार लावलंत, चपला काढायला लावल्यात. दोघी घामाने निथळत बसलो. हेडफोन तुमच्या कानांवर होता, कारण पाळी तुमची होती. मग सावकाश म्हणालात, "हा तं खाऊन राहिला."

मी हेडफोन मागितला. तुम्ही हात आडवा धरलात. "थांबा जी. दोन आहेत. एक थांबते तं दुसरा खाते."

माझी पाळी आली तेव्हा मला ते ऐकू आलं. कुरकुर, मग शांत, मग पुन्हा कुरकुर. एक अळी एका दाण्याच्या आत दुपारचं जेवत होती आणि आपण दोघी तिला ऐकत होतो. संध्याकाळी टिकियाभोवतीचे दाणे भिजवून फोडले. अळ्या तीन निघाल्या. तुम्ही जराही न डगमगता म्हणालात, "तिसरा झोपला असन."

राइस मिलवाले शेठ पाहायला आले. त्यांनीही कानाला लावलं आणि विचारलं, "ये बोरे में चलेगा क्या?" त्यांच्याकडे पोत्यांच्या थप्पीला तारीख आली की विषारी वायूच्या गोळ्या ठेवतात, किडा असो वा नसो. तुम्ही तुमच्या गोंदियाच्या हिंदीत म्हणालात, "चलेगा सेठजी. जिसमें कीडा नहीं, उसको जहर कायको?" शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, मॅडम, आपकी असिस्टंट बहुत होशियार है. मी मान हलवली. असिस्टंट. त्या वेळी मला तो शब्द पुरेसा वाटला होता.

एका गोष्टीने मात्र आपल्याला छळलं. खेपा सारख्या येत नव्हत्या. एका खेपेची टिकिया भरपूर व्होल्ट देई, दुसरीची निम्मे, तीच पूड, तीच भट्टी, तोच दाब. मी आधी वीज कंपनीला दोष दिला. मग भट्टीला. मग एक दिवस तुम्हाला. म्हणाले, तुम्ही भट्टी पुरती थंड व्हायच्या आधी दार उघडता, त्याशिवाय असं होणार नाही. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही कधीही दार आधी उघडलं नव्हतं. ते दार इतर कुणी उघडू नये म्हणून तर तुम्ही तिथे स्टूल टाकून बसायचात.

"मी नाही उघडलं मॅडम. मी का म्हनतो, ते—"

"नंतर, मावशी. आता मला वर्ग आहे."

तो वर्ग कशावर होता ते मला आठवत नाही. नंतर मी विचारलं नाही आणि तुम्ही पुन्हा काढलं नाही. दाण्याच्या आतल्या अळीचं ऐकणारी वस्तू आपण बनवली होती, आणि तीन हात अंतरावर उभ्या बाईचं मी ऐकून घेतलं नाही.

दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले तेव्हा तुम्ही आधी भट्टीबद्दल विचारलंत. नव्या शिपायाला हात लावू देऊ नका, म्हणालात. मी म्हणाले, बरं होऊन या, मग आपण दोघी बसून त्या माणसाला पेजेचं लिहू. तुम्ही हसलात. "तुमी लिहा जी. मी भट्टी पाहतो." तेच आपलं शेवटचं बोलणं.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी लिहिलं. मासिकालाही आणि त्या दक्षिणेतल्या माणसालाही. लिहिलं, की बंधक म्हणून भाताची पेज वापरली होती, आदल्या दिवशी शिजवलेली, कापडातून गाळलेली, बिनमिठाची. ती वापरण्याची कल्पना आणि कृती आमच्या विभागातील रायवंताबाईंची. मूळ लेखात हे नमूद न करणं ही माझी चूक. पत्र पाठवलं आणि मला हलकं वाटलं. म्हटलं, सुटले.

दोन दिवसांत त्या माणसाचं उत्तर आलं. फार सभ्य. आभार मानले, तुमच्या जाण्याचं वाईट वाटल्याचं लिहिलं, आणि खाली एकच प्रश्न होता: तांदूळ कोणता? जातीजातीत पिष्ट वेगळं असतं, तेव्हा प्रत्येक खेपेला कोणता होता ते कळवाल का?

मी त्या पत्रासमोर बसून राहिले. कोणता तांदूळ? मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या लेखी भात तो भात. वहीत पुडीचं वजन चार दशांशांपर्यंत होतं, भट्टीचा प्रत्येक अंश होता, आणि पेजेच्या रकान्यात सगळीकडे फक्त 'पेज'. ज्या एका माणसाला ते ठाऊक होतं, त्याला आम्ही सहा दिवसांपूर्वी स्मशानात पोहोचवून आलो होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, मावशी. अंत्ययात्रेतही नव्हते रडले.

डोळे पुसून कपाट उघडलं, उगीच, डब्या हातात घ्यायच्या म्हणून. एका डबीवरची माझी पट्टी उन्हाने सुटत आली होती. खालून तुमचं अक्षर दिसलं. हिरानखी.

मी सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या. नखांनी, मग ब्लेडने. लुचई. चिन्नोर. हिरानखी. लुचई, जुना. लुचई, नवा. आणि जुन्या द्रावाच्या डब्या होत्या त्यांवर नाव नव्हतं, एकीवरही नाही. पहिलं नाव आपण पेजेवर चालू लागल्यावरच्या पहिल्याच डबीवर होतं.

खात्री करायला त्याच संध्याकाळी फुलचूरला तुमच्या घरी गेले. तुमची लेक शालू ओट्यावर बसली होती. मी विचारलं, आई कॉलेजसाठी पेज करायची, ती कोणत्या तांदळाची?

"येगयेगळ्या," ती म्हणाली. "आई लोकाईकडून पावशेर पावशेर तांदूर मागून आने. आमी म्हनो, घरात तांदूर असून कायले मागतं वो? तं म्हने, मॅडमच्या टिकियात फरक पडून राहिला, तो कायनं पडते ते मी पाहून राहिली."

तिने आतून गव्हल्याच्या जुन्या डब्यात ठेवलेल्या पुरचुंड्या आणून दाखवल्या. प्रत्येकीत मूठभर तांदूळ, प्रत्येकीवर नाव. पूड तीच, भट्टी तीच, दाब तोच ठेवून तुम्ही एका वेळी फक्त एकच गोष्ट बदलत होतात. हे मी एम.एस्सी.च्या मुलांना दोन वर्षं शिकवते आणि तरी त्यांतल्या निम्म्यांना येत नाही. मावशी, तो प्रयोग होता. तुमचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी त्यावर पट्ट्या चिकटवत होते.

सकाळपर्यंत थांबवलं नाही. रात्रीच प्रयोगशाळेत परत येऊन जुने सगळे आकडे तुमच्या नावांसमोर मांडले. इतकी वर्षं इकडेतिकडे विखुरलेले आकडे, मी ज्यांच्यासाठी वीज कंपनीला शिव्या घातल्या ते, आपापल्या तांदळाजवळ जाऊन बसले. हिरानखी सगळ्यात वर. लुचई जुना असेल तर बरा, नवा असेल तर मागे. यावर अजून बरंच काम आहे, सिद्ध व्हायचं आहे, परीक्षक दहा शंका काढतील आणि त्यांनी काढाव्यात. पण तुम्ही 'मी का म्हनतो' म्हणालात तेव्हा काय म्हणत होतात, ते मला आता कळलं आहे.

नवा लेख लिहितेय. त्याच्या डोक्यावर दोन नावं आहेत आणि पहिलं माझं नाही. मासिकाच्या अर्जात एक रकाना असतो, कोणत्या लेखकाने काय काम केलं. तुमच्या नावापुढे मी भरलं: प्रयोगाची आखणी आणि नोंदी. पदवीचा रकाना होता, तो मी मोकळा सोडला. प्राचार्यांनी विचारलं, असं चालतं का? मी म्हणाले, चालवतेय. फलकावर फुलं काढायची असतील तर या वेळी नाव नीट विचारून घ्या, असंही म्हणाले. मी कडक म्हणून प्रसिद्ध आहेच.

काल सकाळी शालूने दिलेल्या पुरचुंडीतला हिरानखी तांदूळ घेऊन आले. परवा तो घरी शिजवून ठेवला होता. तुमच्या फडक्यातून गाळला, पूड भिजवली, टिकिया दाबल्या, भट्टी लावली आणि तुमच्या स्टुलावर बसले. डबीवर नाव लिहिलं आहे, हिरानखी, आणि वर काही चिकटवलेलं नाही. भट्टी अजून गरम आहे. दार उद्या दुपारपर्यंत मी उघडणार नाही आणि कुणाला उघडूही देणार नाही.

पेज मीच केली, मावशी. मीठ घालायच्या आधी काढली.